तिसऱ्या कडव्यातली होडी

खांदा बरा झाल्यावर या हाताने तुम्हाला काय करायचं आहे, हा प्रश्न नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात मी दिवसभर विचारत असे. फिजिओथेरपीला आलेल्या प्रत्येक पेशंटला तो विचारायचाच, अशी आमची पद्धत होती. उत्तरं ठरलेली असायची. कपडे वाळत घालायचेत, वरच्या कपाटातला डबा काढायचाय, नातीला उचलून घ्यायचंय. एका जानेवारीत फ्रोझन शोल्डर घेऊन एक चिनी बाई समोर बसली आणि म्हणाली, "मला बाही फेकायची आहे."

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं ऐकण्यात. तिने पलंगावरचा हॉस्पिटलचा टॉवेल उचलला, चांगल्या हाताच्या मनगटावर त्याची घडी ठेवली आणि झटक्यात भिरकावली. टॉवेल हवेत सरळ लांब गेला, क्षणभर तिथेच राहिला, आणि परत येऊन होता तसा मनगटावर बसला. मग तिने दुखरा हात उचलायचा प्रयत्न केला. तो छातीच्या वर जाईना. "सप्टेंबरपर्यंत हा हात डोक्याच्या वर गेला पाहिजे," तिने मला बजावलं. पेशंट मी आहे आणि ती मला तपासते आहे, असा सूर होता.

तो सूर तिला शोभायचा. त्याच हॉस्पिटलात ती वॉर्ड सिस्टर म्हणून रिटायर झाली होती. तरुणपणी हाँगकाँगहून नर्सिंग शिकायला आली ती इथलीच झाली. ती वॉर्डात शिरली की मोठमोठे कन्सल्टंट खिशातून हात बाहेर काढत, असं जुने पोर्टर सांगत. सगळं हॉस्पिटल तिला सिस्टर म्हणायचं, मीही तेच म्हणू लागले. भिंतीवर बोटांनी चढणं, कप्पीची दोरी ओढणं, असले कंटाळवाणे व्यायाम इतक्या हट्टाने करणारा पेशंट मी दुसरा पाहिला नाही. दुखलं की ती ओठ घट्ट मिटायची आणि भिंतीवरची बोटं आणखी वर न्यायची.

बाहीचं प्रकरण काय ते मला एका रविवारी कळलं. एका चर्चच्या मागच्या खोलीत सहा-सात चिनी बायका आणि एक म्हातारा मिळून त्यांच्याकडचं जुनं संगीत नाटक करायचे. बायका बहुतेक सिस्टरच्या वयाच्या. म्हातारा आयुष्यभर अकाउंटंट होता आणि दोन तारांचं, बारीक आवाजाचं, सारंगीच्या कुळातलं वाद्य मांडीवर उभं धरून वाजवायचा. एक बाई लाकडी ठोकळ्यावर ताल धरायची. सिस्टर नायिका. तिने रोजच्या कार्डिगनवरच लांब पांढऱ्या बाह्या चढवल्या आणि गायला लागली.

खरं सांगते, पहिल्यांदा कान बावरले. आवाज नाकातून वर चढतो, एका अक्षरावर घोटाळत राहतो, उतरेल असं वाटतं तेव्हाच आणखी वर जातो. घरी येऊन मी नवऱ्याला सीडी ऐकवली. तो भूलतज्ज्ञ. लोकांना झोपवणं हा त्याचा धंदा, आणि घरी आल्यावर तो ते स्वतःवर करतो. सोफ्यावरून डोळे न उघडता तो म्हणाला, "अगं, मांजर अडकलंय का कुठे?" मी सीडी बंद केली नाही, आवाज वाढवला.

कारण मला त्या खोलीत माझं गाव दिसलं होतं. मी कुडाळकडची. जत्रेत देवळासमोर दशावतार व्हायचा, वडील मला खांद्यावर बसवून न्यायचे. मिशा काढलेला स्त्रीपार्टी लुगड्याचा पदर सावरत यायचा आणि आम्ही पाहणारे त्याच्यासाठी रडायचो. मागे पडदा नाही, सेट नाही, एक बाक. त्याच्यावर राजा बसला की सिंहासन, राक्षस उभा राहिला की डोंगर. इथे सिस्टरच्या खोलीत एक टेबल आणि दोन खुर्च्या होत्या. चाबूक हातात घेतला म्हणजे घोड्यावर बसलो, खोलीला एक फेरी मारली म्हणजे मुलुख ओलांडला, गुडघे हलके हलवले म्हणजे होडीत आहोत. माझ्या शेजारी सासूला सोडायला आलेला एक इंग्लिश जावई भला माणूस होता, तो हळूच विचारत होता की प्रॉप्स कधी येणार. मला काहीही विचारावं लागलं नाही.

पुढे मी दर रविवारी जाऊ लागले आणि सिस्टर मला पाहायला शिकवू लागली. आवाज कुठे वळतो तिकडे लक्ष ठेव, म्हणायची, उंच किती गेला ते सोडून दे. पाऊल टाचेकडून बोटाकडे कसं जातं ते बघ. बाही फेकताना बघूच नकोस, परत येताना बघ, कारण फेकता कुणालाही येते. चांगली जागा आली की तिकडचा प्रेक्षक मोठ्याने दाद देतो, अगदी आपल्या मैफलीत 'वाहवा' म्हणतात तसाच. मी एकदा न राहवून कोकणी थाटात "वाऽऽ" केलं. म्हाताऱ्याने गज थांबवून माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि तीच ओळ पुन्हा वाजवली. त्या दिवसापासून मी त्यांच्यात बसू लागले.

चहा पिताना ती इतिहास सांगायची, तोही हिशेब चुकता केल्यासारखा. त्यांच्या दक्षिणेकडच्या मंडळ्या लाल रंगाच्या होड्यांतून नदीनदीने गावं फिरायच्या. एक नट सरकारविरुद्धच्या बंडात सामील झाला, तर बादशहाच्या माणसांनी नटांचं सभागृह जाळलं आणि त्या नाटकावरच बंदी घातली. नटांनी काय केलं, तर उत्तरेकडच्या नाटकाचं नाव लावून स्वतःचंच गाणं चालू ठेवलं. पुढे दुसरं सरकार आलं, त्याला राजे-राण्या खपेनात. तेव्हा मुख्य भूमीवर जुनी नाटकं पेटीत गेली आणि हाँगकाँगमध्ये जिवंत राहिली. "ज्याला त्याला आमचं गाणं कमी करायचं होतं," सिस्टर म्हणायची, आणि बिस्किट चहात बुडवायची.

ती ज्या कोळ्यांच्या गावात वाढली तिथे देवीच्या उत्सवाला देवळासमोर बांबूचा मोठा मांडव घालत आणि रंगमंचाचं तोंड देवळाकडे ठेवत. जागाच तशी नसली तर देवीची मूर्ती उचलून मांडवात आणत आणि नटांच्या बरोबर समोर बसवत. नाटक तिच्यासाठी असायचं. माणसं यायची, खायची, गप्पा मारायची, जायची. नट मात्र देवी उठून गेलेली नाही एवढं लक्षात ठेवून गायचे. हे ऐकताना मला आमच्या देवळातला दशावताराचा दहीकाला आठवत होता, आणि त्यासाठी मी नॉटिंगहॅमला एका चिनी बाईसमोर बसले आहे याची गंमत वाटत होती.

आता त्या बाहीबद्दल. सिस्टरचा जो प्रवेश होता त्यात एक बाई नदीकाठी येते. नवऱ्याची होडी निघून गेलेली असते. ती रडत बसत नाही, नदीला जाब विचारते. पहिल्या कडव्यात ती नदीला विनवते आणि डावी बाही पाण्यावर टाकते. दुसऱ्यात भांडते, आणि बाही पुन्हा डावीच. तिसऱ्या कडव्यात ती नदीला हुकूम करते, उजवा हात डोक्याच्या वर नेऊन बाही थेट दुसऱ्या काठापर्यंत फेकते, आणि नदी ऐकते. होडी वळते. म्हणून देवासमोर हा प्रवेश शुभ मानत, कारण शेवटी माणूस घरी येतो.

आणि तिसरं कडवं सिस्टरने नॉटिंगहॅममध्ये लोकांसमोर कधीच गायलं नव्हतं. त्या काळी कौन्सिलला डायव्हर्सिटीचा भारी उमाळा आला होता. प्रत्येक उन्हाळ्यात पार्कात स्टेज बांधायचे, समोशांच्या शेजारी नूडल्स, स्टील ड्रम, भांगडा, आणि सिस्टरच्या बायकांना एक छोटासा स्लॉट. दर वेळी दुसरं कडवं संपता संपता गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवलेली एखादी हसरी मुलगी पुढे होऊन माईक घ्यायची, लवली म्हणायची आणि टाळ्या मागायची. एकदा तर त्यांनी विचारलं, गाणं वगळून नुसते कपडे आणि मेकअप दाखवता येईल का. सिस्टर हे सांगताना चिडत नसे. मी चिडायचे.

"इतकी वर्षं माझा नवरा त्या होडीत बसून आहे," ती एकदा कप्पीची दोरी ओढता ओढता म्हणाली. "मी त्याला परत आणायच्या आत कुणीतरी थँक यू म्हणतं."

सप्टेंबरची घाई त्यासाठीच होती. वाद्य वाजवणारा म्हातारा ऑक्टोबरात मँचेस्टरला मुलीकडे कायमचा राहायला जाणार होता. त्याच्यासारखा दुसरा जवळपास कुणी नव्हता, आणि सीडीच्या साथीवर गायला सिस्टरचा साफ नकार होता. म्हणजे त्याआधी एकदा, माणसांसमोर, अख्खा प्रवेश व्हायला हवा होता, नाहीतर कधीच नाही. उन्हाळा संपेपर्यंत मी तिचा हात कानापर्यंत आणला होता. आता मला जागा हवी होती, आणि माझ्याकडे एकच जागा होती. आमच्या मराठी मंडळाचा गणपती.

मंडळाची मीटिंग त्या वर्षी आमच्याच घरी होती, कारण पूजेचे यजमान आम्ही दोघं होतो. पोह्यांच्या बश्या फिरल्या आणि मी विषय काढला. अध्यक्ष सर्जन होते, हाताने कापायची सवय असलेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, वहिनी, सात मिनिटं देतो. पुण्याहून वर्क व्हिसावर आलेला आमचा तरुण सेक्रेटरी उत्साहाने म्हणाला, "काकू, ऑडियन्सला कनेक्ट व्हायला मागे थोडं बॉलिवूड टाकूया का? फ्यूजनसारखं?" एका बाईंनी आवाज खाली आणून शंका काढली की ती माणसं काय वाट्टेल ते खातात, देवासमोर कसं चालेल. मागच्या महिन्यात याच बाई आमच्याकडे चिली चिकनचं भांडं चमच्याने खरवडत होत्या, हे मी तिथेच सांगितलं. नवरा आत पाणी आणायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

मग अध्यक्षांनी ठेवणीतलं वाक्य काढलं, की हे मराठी मंडळ आहे, देवापुढे मराठी कार्यक्रमच झाला पाहिजे. मी विचारलं, गेल्या वर्षी देवापुढे तुमच्या मुलीने ज्या हिंदी गाण्यावर कंबर हलवली ते कुठल्या संतांचं. ते चालतं कारण ते तुम्हाला कळतं, आणि हे चालत नाही कारण तुम्हाला कळून घ्यायचं नाही, एवढं कबूल करा आणि विषय संपवा. कुणी कबूल केलं नाही. सात मिनिटं मात्र पाच झाली. मी बश्या उचलल्या त्या जरा आवाज करूनच उचलल्या.

मार्ग सापडला तो दोन दिवसांनी, सिंकपाशी तांदूळ धुताना. वडील घरी गणपतीची पूजा करायचे तेव्हा शेवटी भराभर म्हणत, छत्रं समर्पयामि, चामरं समर्पयामि, गीतं समर्पयामि, नृत्यं समर्पयामि, आणि प्रत्येक वेळी मूर्तीवर चार अक्षता टाकत. मी एकदा विचारलं होतं, बाबा, गाणं कुठे आहे? ते म्हणाले, "गाणारो खंयसून हाडू? तांदूळ घाल, देवाक समाजता." जे आपल्यापाशी नाही त्याच्या जागी अक्षता. राजाला जे द्यावं ते सगळं देवाला द्यायचं, आणि नसेल तर तांदूळ वाहून वेळ निभवायची. माझ्या हातात ओले तांदूळ होते आणि या वर्षी माझ्याकडे गाणारी होती.

मी लेस्टरला गुरुजींना फोन लावला. ते आठवडाभर हाउसिंग ऑफिसात नोकरी करायचे आणि शनिवार-रविवारी पूजा सांगायचे. मी विचारलं, गुरुजी, 'गीतं समर्पयामि' म्हटल्यावर अक्षतांऐवजी खरोखरचं गाणं वाहिलं तर शास्त्रात चालतं का? पलीकडे पोथीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "ताई, शास्त्रात तेच आहे. तांदूळ ही आपली सोय आहे." मी विचारलं, भाषा? ते म्हणाले, भाषेचा कुठे उल्लेख नाही. आणि मग जरा खाली आवाजात, मी थांबेन, पण अध्यक्षांना तोंड तुम्ही द्यायचं.

नवऱ्याला मी सगळं सांगितलं. त्याने पेपर खाली ठेवला, मला म्हणाला की या लोकांबरोबर आपल्याला याच गावात राहायचंय. मी म्हटलं, अहो, सिस्टरलाही याच गावात राहायचंय. त्यावर त्याने पेपर पुन्हा वर घेतला.

गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये होता. केअरटेकरने निरांजन एकच लावायचं, धूर झाला तर अलार्म वाजेल आणि फायर ब्रिगेड येईल, असं आल्या आल्या बजावलं होतं. बायका झळझळीत पैठण्यांवर कार्डिगन घालून बसल्या होत्या. मागच्या टेबलांवर मसालेभाताची आणि अळूवड्यांची मोठी पातेली झाकून ठेवली होती आणि वास सगळ्या हॉलभर सुटला होता. नैवेद्य दाखवल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. माझा सगळा भरवसा त्या झाकणांवर होता.

सिस्टर मुलींच्या चेंजिंग रूममध्ये तयार होत होती. मी बघायला गेले तर ती कोपरापर्यंत हात धूत होती, ऑपरेशनला जाताना धुतात तसे. पांढरा-गुलाबी चेहरा, लांब काढलेल्या भुवया, फिकट निळा झगा. बाहेर कुणीतरी मला विचारलं होतंच, आंघोळ वगैरे करून आल्यात ना त्या. मी त्या बाईंना म्हटलं, तुमच्यापेक्षा जास्त. सिस्टरने बूट काढून ठेवले, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मला एकच विचारलं, की तुमच्या देवाचं तोंड कुठे आहे.

पूजा सुरू झाली. आम्ही दोघं मूर्तीच्या एका बाजूला पाटावर, गुरुजी दुसऱ्या बाजूला. पाद्यं, अर्घ्यं, सगळं रीतसर झालं. छत्रं समर्पयामि, अक्षता. चामरं समर्पयामि, अक्षता. गुरुजी म्हणाले, "गीतं समर्पयामि." आणि थांबले.

सवयीने नवऱ्याच्या चिमटीत अक्षता आल्या होत्या. पहिल्या रांगेतून अध्यक्ष त्याच्याकडे पाहत होते, कारण बाजूच्या दारातून निळ्या झग्यातली सिस्टर, मागे वाद्य घेतलेला म्हातारा आणि ठोकळेवाली बाई आत येताना त्यांना दिसली होती. त्यांनी हाताने खूण केली, वाहा, वाहा. माझ्या नवऱ्याने चिमटीतले तांदूळ पाहिले आणि परत ताटलीत टाकले. माझ्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्या दिवशी मी त्याच्या नव्याने प्रेमात पडले, हे लिहायला मला आता लाज वाटत नाही.

सिस्टर मूर्तीसमोर येऊन उभी राहिली, देवाकडे तोंड आणि हॉलकडे पाठ करून. हॉलमध्ये खसखस पिकली. लोकांना वाटलं, बिचारीला स्टेजची दिशा कळली नाही. म्हाताऱ्याने गज लावला आणि ती गायला लागली, आणि पोरं फिदीफिदी हसली, मोठ्यांनी त्यांना दटावलं, ते दटावणंही हसतच. तिला त्यातलं काही ऐकू आलं नसावं. डावी बाही निघाली, जमिनीवर पसरली, परत आली. पहिलं कडवं संपलं.

दुसऱ्या कडव्याला हसणं थांबलं होतं, आणि चुळबुळ सुरू झाली होती. पंच्याऐंशी जणांचा स्वयंपाक थंड होत होता. पण भर पूजेतून उठून जाणं मराठी माणसाला जमत नाही, टाळ्या वाजवून गाणं संपवणंही जमत नाही, आणि नैवेद्याआधी घास घेणं तर नाहीच. तरी दुसरं कडवं संपलं तेव्हा सेक्रेटरीने टाळ्यांसाठी हात उचलले. मी पाटावरून त्याच्याकडे पाहिलं, तो हात मांडीवर ठेवून बसला.

मग अध्यक्ष स्वतः उठले. बाजूने येऊन माझ्यापाशी वाकले आणि म्हणाले, "वहिनी, पुरे आता. लोक भुकेले आहेत."

मी आवाज खाली आणला नाही. "डॉक्टर, देवाचं अजून व्हायचंय."

ते सगळ्या हॉलने ऐकलं. अध्यक्षांना आता पुढे जायला वाव नव्हता, कारण पुढे जायचं म्हणजे देव आणि त्याला वाहिलेली वस्तू यांच्या मधून जावं लागलं असतं. मागे फिरायचं तर हरल्यासारखं दिसलं असतं. ते जिथे होते तिथेच, हात बांधून, उभे राहिले.

तिसरं कडवं सुरू झालं. मी आधी फिजिओच्याच डोळ्यांनी पाहत होते, पाठीचं पातं हलतंय का, मान आखडतेय का. हात कानाशी आला. तिथवर तो माझ्या हातांनी आणला होता. मग तो कानाच्या वर गेला, आणखी वर, जिथे तो माझ्या खोलीत कधीच गेला नव्हता, आणि माझं तपासणं संपलं. बाही सुटली, हार-फुलांच्या कमानीपर्यंत सरळ गेली, तिथे राहिली. सिस्टरने सांगितल्याप्रमाणे मी फेकताना पाहिलं नाही, येताना पाहिलं. ती अशी आली की पलीकडून कुणीतरी सोडली असावी, आणि एकेक घडी घालत मनगटावर बसली. सिस्टरने एक पाऊल मागे घेतलं. होडी काठाला लागायला तिने जागा करून दिली होती.

तिचा चेहरा फक्त मूर्तीजवळच्या आम्हा चौघांना दिसत होता. त्यावर मला सुटल्याचं समाधान दिसेल असं वाटलं होतं. तिथे सपशेल राग होता, उशिरा आलेल्या माणसावर वॉर्डातली सिस्टर काढते तसला, आणि डोळ्यांतलं पाणी पांढऱ्या रंगातून खाली उतरत होतं. मी गावाकडच्यासारखं "वाऽऽ" म्हणाले, भर पूजेत, एकटीच. नंतर मागून आणखी एक-दोन आवाज आले. कुणाचे होते ते मी शोधलं नाही.

गुरुजी म्हणाले, "नृत्यं समर्पयामि," आणि त्यांनी पळीभर पाणी सोडलं. अक्षतांच्या ताटलीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

पुढचं सगळं अपेक्षेप्रमाणे झालं. त्यांचं तोंडसुद्धा दिसलं नाही, अशी तक्रार कितीतरी जणांनी जेवताना केली. मी सांगत राहिले की ज्याच्यासाठी होतं त्याला दिसलं. महिन्याभरात मंडळाने मीटिंग घेऊन नियम केला की पूजेत उपचारांच्या जागी अक्षताच वाहाव्यात. विरोधात माझा हात वर होता, आणि शेजारी नवऱ्याचा, अर्धा. तुम्ही केलं ते चुकलं हे मान्य करा, असं अध्यक्षांनी मला निघताना गोड शब्दांत सुचवलं. मी म्हटलं, पुन्हा यजमानपद द्या, पुन्हा करते. ते आम्हाला पुन्हा मिळालं नाही.

म्हातारा मँचेस्टरला गेला. चर्चमागची खोली रविवारी रिकामी राहायला लागली, आणि सिस्टर त्यानंतर गायली नाही. त्या हाताने आता ती कपडे वाळत घालते आणि इतका चांगला खांदा वाया चाललाय म्हणून मला बोल लावते.

पण पुढच्या वर्षी गणपतीला मी तिला घेऊन गेले, आणि मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं. यजमान दुसरे होते. गुरुजी 'गीतं समर्पयामि' म्हणाले आणि कुणालाही कळणार नाही इतकंच थांबले. मग अक्षता पडल्या. सिस्टरने माझ्या कानाशी येऊन विचारलं, आत्ता काय दिलं त्याला?

"गाणं," मी म्हटलं. "म्हणजे, गाण्याच्या जागी तांदूळ."

ती मूर्तीकडे पाहत राहिली.

"त्याला फरक कळतो," ती म्हणाली. "मी समोर उभी होते."